जुन्या थकबाकीचा फोन: पैशाआधी तारीख विचारा

गेल्या पावसाळ्यात माझ्या आतेभावाला एक फोन आला. तो चिंचवडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जेवणाची सुट्टी संपत आली होती, डबा अर्धा उरला होता. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, 2012 चं तुमचं क्रेडिट कार्ड आहे ना, त्याचे एक लाख बेचाळीस हजार येणं दिसतंय. पण आज स्कीम आहे. फक्त पाचशे रुपये टोकन भरा, मी पाठवते त्या पत्रावर सही करून फोटो टाका, बाकीचं आपण चाळीस हजारांत मिटवून टाकू."

कार्ड खरं होतं. 2014 मध्ये नोकरी गेली, तेव्हा अठरा हजार राहिले होते, तेही खरं. नंतर दोन घरं बदलली, नंबर बदलला आणि ते कार्ड तो विसरून गेला. इतक्या वर्षांनी फोन आल्यावर तळहाताला घाम फुटला. पाचशेच तर रुपये, टाकून मोकळं व्हावं, असं ठरवून तो पैसे पाठवायलाच बसला होता. सही कुठे करायची एवढं विचारायला म्हणून त्यानं मला फोन लावला.

बरं झालं विचारलं. त्या सगळ्या बोलण्यात महागाची गोष्ट एकच होती आणि ती होती सही.

असे फोन सध्या बऱ्याच घरांत येताहेत. जुनी कार्डं, मोबाइल घेताना काढलेलं कर्ज, मित्रासाठी दिलेली जामीनकी, कुणाचं काय. त्यामागचा कायदा अवघड नाही, पण तो समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. फोन करणारा तर सांगणारच नाही.

कर्जाला मुदत असते म्हणजे काय?

क्रिकेटचं उदाहरण घेऊ. चेंडू बॅटची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. फलंदाज बाद आहे, सगळ्या मैदानाला माहीत आहे. पण क्षेत्ररक्षकांनी अपील केलंच नाही आणि गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावायला लागला, तर पंच बोट वर करू शकत नाहीत. अपिलाची वेळ गेली.

थकलेल्या कर्जाचंही तसंच आहे. आपल्याकडे 1963 चा मुदत कायदा आहे. पैसे थकल्यावर देणेकऱ्यावर दावा लावायला धनको, म्हणजे ज्यानं पैसे दिले तो, त्याला साधारण तीन वर्षं मिळतात. त्या वेळात दावा लावला नाही, तर ते कर्ज 'मुदतबाह्य' होतं. नंतर दावा लावलाच, तर न्यायालयानं तो फेटाळायचा असतो. देणेकऱ्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरीही न्यायालयानं स्वतः तो पाहायचा, असं कायद्याचं कलम 3 सांगतं.

इथं एक बारकावा आहे आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मुदत संपली की दावा मरतो, कर्ज मरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1958 साली बॉम्बे डाइंगच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे फलंदाज बाद होताच, फक्त पंच त्याला बाहेर काढू शकत नाहीत. तो आपणहून बॅट काखेत मारून तंबूत परतला, तर त्याला कोण अडवणार? वसुलीच्या फोनची सगळी धडपड असते ती त्याला आपणहून परतायला लावण्याची.

तीन वर्षं कुठून मोजायची?

अंदाजासाठी शेवटचा भरणा किंवा शेवटची देय तारीख, जी नंतरची असेल ती धरा. क्रेडिट कार्डाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. हप्त्यांच्या कर्जात जरा गुंता असतो. दर हप्त्याची मुदत आपापल्या तारखेपासून चालते, आणि बँकेनं मध्येच 'सगळी रक्कम एकदम भरा' अशी नोटीस काढली असेल, तर हिशेब तिथून सुरू होऊ शकतो. पाच वर्षांच्या कर्जातला पहिला हप्ता थकला म्हणून अख्खं कर्ज तीन वर्षांत मुदतबाह्य झालं, असं समजून बसू नका.

आतेभावानं शेवटचे पैसे 2014 च्या ऑक्टोबरात भरले होते. त्याची तीन वर्षं 2017 च्या अखेरीच्या सुमारास संपली. इथं विषय सोपा आहे.

पण समजा थकबाकी 10 जून 2018 पासूनची आहे. मग मध्ये कोरोना येतो. सर्वोच्च न्यायालयानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळायला सांगितला आहे. घड्याळ तेवढा काळ थांबलं होतं असं समजा. जून 2018 ते मार्च 2020 म्हणजे सुमारे एकवीस महिने खर्च झाले, पंधराएक उरले. ते 1 मार्च 2022 पासून पुन्हा मोजायचे, म्हणजे मुदत गेली मे 2023 च्या अखेरीपर्यंत. बोटांवर मोजून 'जून 2021 ला संपली' म्हणणारा इथं फसतो.

म्हणून फोनवर पहिला प्रश्न रकमेचा करू नका. विचारा: शेवटचा भरणा कोणत्या तारखेचा आहे? समोरच्याकडे उत्तर असेल तर कामाची माहिती मिळते, आणि तो गडबडला तर तीही माहितीच झाली.

एका सहीनं कर्ज पुन्हा कसं उठून बसतं?

मुदत चालू असतानाच तुम्ही 'हो, मी इतके देणं लागतो' असं लिहून खाली सही केली, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. हे मुदत कायद्याचं कलम 18. थोडे पैसे भरले आणि त्या भरण्याची नोंद तुमच्या अक्षरात किंवा सहीनं असली, तरी तेच. हे कलम 19.

मुदत संपल्यावर मात्र नुसती कबुली किंवा नुसते पाचशे रुपये पुरत नाहीत. पण 1872 च्या करार कायद्यात कलम 25 आहे. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन लेखी दिलं आणि सही केली, तर तो नवा, पक्का करार ठरतो. जुन्या कर्जाचा दावा मेला होता, तुम्ही सही करून त्याचा पुनर्जन्म केला. आता तीन वर्षं नवी आणि दाव्याचा हक्कही नवा.

आतेभावाला आलेलं पत्र मी पाहिलं. इंग्रजीत, बारीक टायपात. वरच्या परिच्छेदात सवलतीचं कौतुक. चौथ्या ओळीत 'मी संपूर्ण थकबाकी मान्य करतो', सहाव्या ओळीत 'उर्वरित रक्कम ठरलेल्या दिवसांत भरण्याची हमी देतो' आणि शेवटी 'तसे न झाल्यास सवलत रद्द समजावी'. म्हणजे एक हप्ता चुकला की चाळीस हजारांची बोलणी गेली, आणि त्याच्या सहीखाली उरले एक लाख बेचाळीस हजार.

ही युक्ती नवी नाही, आपल्याच मातीत मुरलेली आहे. 1859 च्या कायद्यानं रोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. व्याजाचा डोंगर वाढू नये, कुळांना दिलासा मिळावा हा हेतू. सावकारांनी त्याला सोपी तोड काढली. दर तीन वर्षांनी कुळाला बोलावून खत, म्हणजे कर्जरोखा, नवं करून घ्यायचं, आणि थकलेलं व्याज मुदलात घालून ती बेरीज नवं मुद्दल म्हणून लिहायची. अंगठा उठला की घड्याळ पुन्हा शून्यावर. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांना मुख्यतः हव्या होत्या त्या वह्या आणि रोखे. ठिकठिकाणी ते जाळले गेले. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत आपण हे चार मार्कांसाठी वाचलेलं असतं. खत नवं करण्याची ती पद्धत आता वॉट्सॲपवर आली आहे, एवढाच काय तो फरक.

'फोनवर चुकून हो म्हटलं, आता?' असं बरेच जण घाबरून विचारतात. तोंडी कबुलीनं मुदत वाढत नाही, त्याला लेखी आणि सही लागते. पण ईमेल, मेसेज, ओटीपी टाकून केलेली 'डिजिटल सही' यांवर न्यायालयात वाद घालता येतो, आणि तो वाद आपल्या खर्चानं कशाला? तारीख कळेपर्यंत काही लिहून देऊ नका. कोरा किंवा पुढच्या तारखेचा धनादेश तर अजिबात नको. तो वटला नाही तर एक वेगळंच प्रकरण मागे लागतं.

'बँकेनं तर राइट-ऑफ केलं होतं, मग हे कोण?'

राइट-ऑफ या शब्दानं मराठी माणसाची जितकी फसगत केली आहे तितकी क्वचितच कुठल्या शब्दानं केली असेल. आपण तो 'माफ' असा ऐकतो. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच की हे पैसे येतील असं धरून ताळेबंद मांडायचा नाही. वाण्यानं उधारीचं पान मुख्य वहीतून काढून मागच्या वहीत डकवलं, असं समजा. पान फाडलेलं नाही.

अशी पानं मग गठ्ठ्यानं विकली जातात. घेणाऱ्याला मालमत्ता पुनर्रचना कंपनी म्हणतात, बोलताना एआरसी. 2002 च्या सरफेसी कायद्यानं त्यांची व्यवस्था केली आहे आणि त्यांना रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते. त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते, दोन मिनिटांत नाव ताडता येतं. थकीत कर्जांचे गठ्ठे मूळ आकड्यापेक्षा बरेच स्वस्तात जातात. 'फक्त आजच' साठ-सत्तर टक्के सूट देणं परवडतं ते त्यामुळे.

लोकांना पडणारा पुढचा प्रश्न: नव्या कंपनीनं कर्ज विकत घेतलं म्हणजे मुदतही नवी का? नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. कालचं दूध दुसऱ्या पातेल्यात ओतलं म्हणून ताजं होत नाही.

आणि फोन करणारा या दोघांपैकी कुणीच नसून भामटा असू शकतो. जुन्या कर्जदारांच्या याद्या बाहेर फिरतात. त्यामुळे मागायचे कागद तीन: कर्जाचा करार किंवा खातेउतारा, कर्ज विकल्याचं बँकेचं पत्र, आणि या माणसाला वसुलीचा अधिकार दिल्याचं पत्र. कुठल्याही खऱ्या कंपनीला हे देण्यात अडचण नसावी.

व्याजाबद्दल जाता जाता. अठरा हजारांचे एक लाख बेचाळीस हजार होतात, कारण कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं. वर्षाचं झालं बेचाळीस टक्क्यांच्या घरात, वर दंड आणि कर. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, एका वेळी मुदलापेक्षा जास्त व्याज मागता येत नसे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू देणेकऱ्यांच्या बाबतीत तो मानलाही. पण बँकांचा व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणावर न्यायालयानं व्यवहार उघडू नये, असं बँकिंग कायद्याचं कलम 21अ सांगतं. तेव्हा आजोबांच्या दामदुपटीवर फार विसंबू नका. घासाघीस करताना मात्र मूळ अठरा हजारांचा आकडा सोडू नका.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर थांबा

महाराष्ट्रात हा वेगळा कप्पा आहे आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले तो विसरतात. सहकारी बँक किंवा पतसंस्थेकडून कर्ज घेताना आपण तिचे सभासद होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 92 प्रमाणे सभासदाकडच्या येण्याबाबत सहकार न्यायालयात जायची मुदत मोजली जाते ती सभासद मरण पावल्यापासून किंवा त्याचं सभासदत्व संपल्यापासून. तुम्ही अजून सभासद असाल, तर तीन वर्षांचं घड्याळ कदाचित सुरूच झालेलं नाही. 'पाच वर्षं झाली, आता काय करतील' म्हणणारे गावोगाव भेटतात. त्यांना याची कल्पना नसते.

शिवाय या संस्थांना कलम 101 खाली सहकार खात्याच्या निबंधकाकडून थेट वसुली दाखला मिळवता येतो. त्यावर पगारातून कपात, जप्ती हे सगळं होऊ शकतं, आणि जामीनदारही त्यात येतो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, अर्धी नाही. मित्राच्या ट्रॅक्टरसाठी 'नुसती सही' केलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. पतसंस्थेची नोटीस आली तर उत्तर द्यायला वकील गाठा, हा लेख पुरणार नाही.

मुदत संपली म्हणजे आपण सुटलो का?

दाव्यापासून सुटलात. बाकी काही गोष्टी मागे राहतात.

एक तर क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंदवही. आपल्याकडे तो ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपावी लागते, आणि 'किमान' हा शब्द महत्त्वाचा आहे. थकबाकी जोवर कुणीतरी कळवत राहतं, तोवर ती अहवालात दिसत राहू शकते. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर ते दहा वर्षांपूर्वीचे अठरा हजार आडवे येतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आधी काढा. त्यात शेवटच्या भरण्याची तारीख बहुधा सापडतेच, म्हणजे मघाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणाला न विचारता मिळतं. चूक दिसली तर तक्रार नोंदवा. तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायला रिझर्व्ह बँकेनं लावलं आहे.

दुसरं म्हणजे त्याच बँकेत असलेले तुमचे पैसे. पंजाब नॅशनल बँकेच्या एका खटल्यात 1992 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हेच आलं होतं. जामीनदारानं तारण ठेवलेली मुदत ठेव बँकेनं कर्जात वळती करून घेतली होती, आणि कर्ज तोवर मुदतबाह्य झालं होतं. न्यायालयानं बँकेची बाजू उचलून धरली: दावा मेला तरी हक्क जिवंत आहे. थकबाकी आहे त्याच बँकेत पगार जमा होत असेल, तर खातं दुसरीकडे हलवलेलं बरं.

घर किंवा जमीन गहाण असेल, तर मुदत तीन नव्हे, बारा वर्षांची. आणि तुमच्या नकळत दावा लागून एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर त्याची अंमलबजावणीही बारा वर्षांपर्यंत करता येते. जुन्या पत्त्यावर समन्स गेलं, घराला कुलूप होतं, प्रकरण एकतर्फी चाललं, असं होतं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या नावानं, जुन्या पत्त्याच्या जिल्ह्यात एकदा शोध घ्या.

दारात आले, शेजाऱ्यांना सांगितलं, तर?

वसुली करणं गुन्हा नाही, छळ करून वसुली करणं मना आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानं सांगितलं की थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या खाजगीपणात घुसायचं नाही. वसुलीवाल्याजवळ ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असावं लागतं, हा नियम तर 2008 पासूनचा आहे. त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षासुद्धा आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला ओळखपत्र मागितलं आणि त्याचा फोटो काढला, तर आवाजाची पट्टी बऱ्याचदा खाली येते.

'पोलीस घेऊन येतो', 'चारशेवीस लावतो', 'आज वॉरंट निघतंय' हे ठरलेले डायलॉग आहेत. कर्ज फेडता न येणं ही दिवाणी बाब आहे. सुरुवातीपासूनच फसवण्याच्या इराद्यानं, खोटे कागद देऊन कर्ज घेतलं असेल तर गोष्ट वेगळी. नोकरी गेली म्हणून हप्ते थकले, यात फसवणूक नाही. उलट धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तुम्ही करू शकता. गुंड पाठवून वसुली करण्यावर सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्येच बँकेला खडसावलं आहे.

कॉल नोंदवून ठेवा, तारीख-वेळ वहीत लिहा. आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. पोर्टलवर तक्रार करता येते, चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. समोरचा भामटा निघाला आणि पैसे गेले, तर तासाभराचाही उशीर न करता 1930 वर फोन करा.

नोटीस आली, ती कुठली हे आधी बघा

वकिलाची नोटीस म्हणजे पत्र. त्यानं खटला सुरू होत नाही. तरी फाडून टाकू नका, तारखा त्यात असतात.

लवादाची नोटीस किंवा न्यायालयाचं समन्स मात्र वेगळं. मुदत संपली आहे हे तुम्हाला कितीही ठाऊक असलं, तरी तिथं जाऊन ते सांगावं लागतं. न्यायालयानं स्वतः पाहायचं, हे कलम 3 आपल्या बाजूचं खरं. पण एकतर्फी प्रकरणात दुसऱ्या बाजूनं मांडलेल्या तारखाच समोर असतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तो मोफत मिळतो. क्रमांक 15100.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते लोकअदालतीचं बोलावणं. वर राजमुद्रा, खाली शिक्का, 'दाखलपूर्व प्रकरण' असा शब्द. आईवडील तो कागद हातात घेऊन रात्रभर जागतात. दाखलपूर्व म्हणजे खटला अजून दाखल व्हायचाच आहे. ही तडजोडीची बैठक आहे. गेलात आणि जमलं नाही, तर परत येता येतं, तुमच्याविरुद्ध निकाल लागत नाही. पण तिथं तडजोडीवर सही झाली की होणारा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. पुन्हा सहीच आली बघा. रक्कम परवडणारी असेल आणि हप्ते नक्की भरता येणार असतील, तर लोकअदालत ही उत्तम जागा आहे. घाईत, 'साहेब म्हणाले म्हणून' सही करायची असेल, तर जाऊच नका.

वडील गेले, फोन मुलाला येतो

'बापाचं कर्ज आहे, फेडायला नको? लोक काय म्हणतील?' हे वाक्य वसुलीवाल्यांना पाठ असतं, आणि मराठी घरात ते बरोबर वर्मी बसतं. वडिलांचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, असं जुनं हिंदू कायदाशास्त्रही मानत असे. 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीनं ते संपवलं. 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जासाठी केवळ पुत्रकर्तव्याच्या नावाखाली मुला-नातवावर दावा चालत नाही. वारसाची जबाबदारी वडिलांकडून जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरती. काही मिळालंच नसेल, तर काही देणं नाही. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असाल, तर अर्थात हे लागू नाही. मृत्यूचा दाखला पाठवा, कर्जविमा होता का ते विचारा, आणि 'मी भरतो' असं लिहून देऊ नका.

'पण पैसे घेतले होते ना? मग बुडवायचे का?'

हा प्रश्न मला लेख लिहिताना सतत टोचत होता आणि तो टोचायलाच हवा. अठरा हजारांचा माल आतेभावानं वापरला आहे. ज्याची ऐपत आहे त्यानं घेतलेलं फेडावं, असं मलाही वाटतं. पण फेडणं आणि घाबरून आकडा मान्य करणं, या दोन गोष्टींत अंतर आहे. तीन वर्षं दाव्यासाठी हातात असताना संस्था गप्प बसली. दहा वर्षांनी आठपट आकडा घेऊन, खरेखोटे कागद न दाखवता कुणी आलं, तर आधी हिशेब मागणं यात बेइमानी नाही.

मिटवायचंच ठरवलं, तर क्रम महत्त्वाचा. आधी कंपनीच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र घ्यायचं. त्यात खातेक्रमांक, एकूण रक्कम, शेवटची तारीख, 'पूर्ण व अंतिम' हे शब्द हवेत. पैसे एकरकमी, आणि थेट कर्जखात्यात किंवा कंपनीच्या अधिकृत खात्यात. वसुलीवाल्याच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. मग बेबाकी, म्हणजे आता काही देणं उरलं नाही असा, दाखला हातात घ्यायचा आणि दोनेक महिन्यांनी क्रेडिट अहवाल पुन्हा काढायचा. तिथं 'सेटल्ड' लिहून येईल, 'क्लोज्ड' नाही. सेटल्ड म्हणजे कमी देऊन मिटवलं. पुढची बँक ते वाचते आणि नाक मुरडते. 'क्लोज्ड' लागावं अशी गरज असेल, तर त्यासाठी किती जास्त मागताहेत ते तडजोडीच्या वेळीच विचारा, नंतर कुणी ऐकत नाही.

आतेभावानं काय केलं? आम्ही दोघांनी बसून एक ईमेल लिहिला, सहा ओळींचा. "आपला फोन मिळाला. आपण सांगितलेली रक्कम मला मान्य नाही. कर्जाचा करार, संपूर्ण खातेउतारा, शेवटच्या भरण्याची तारीख, कर्ज आपल्याकडे आल्याचं पत्र आणि आपलं अधिकारपत्र पाठवावं. ते मिळेपर्यंत फोन न करता ईमेलनंच कळवावं. हा मजकूर म्हणजे कोणत्याही कर्जाची कबुली किंवा फेडीचं वचन समजू नये." पाठवण्याआधी खाली नाव घालायचं की नाही यावर आमचा पाच मिनिटं वाद झाला. शेवटी नाव घातलं, कारण वरच्या ओळीत कबुली नाहीच म्हटलं होतं.

दोन दिवसांनी त्याच मुलीचा फोन आला. आवाजातला गोडवा कमी झाला होता. "सर, इतकं कशाला, तीस हजारांत करून देते." तो म्हणाला, तारीख पाठवा. आठवड्यानं आणखी एक फोन आला, दुसऱ्या कुणाचा तरी, बावीस हजारांचा. तारीख अजून आलेली नाही. मूळ अठरा हजार त्यानं एका रिकरिंग खात्यात बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. कागद आले तर बोलणी तिथून करायची, असं ठरलं आहे.